चावीची आवक-जावक

चाव्यांचं किचेन घ्यायला माणसाला वेळ तो किती लागावा? प्रभाकररावांना चार महिने लागले. तेवढ्या वेळात लोक फ्लॅट बघतात, कर्ज काढतात, राहायला जातात आणि गळतीवरून बिल्डरशी भांडायलाही लागतात. पण प्रभाकरराव भिवंडीतल्या एका शाळेत चौतीस वर्षं हेडक्लार्क होते. तीन दुकानांतले भाव कागदावर आल्याशिवाय त्यांनी कधी टाचणीसुद्धा घेतली नव्हती. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत, आणि ते त्यांना अगदी योग्यच वाटे.

किचेनची गरज पडली ती बायको गेल्यामुळे. ऐकायला विचित्र वाटतं, पण घडलं तसंच. विद्युल्लताबाई श्रावणात गेल्या. त्यांच्या कमरेला चांदीचा छल्ला असे आणि छल्ल्यात अकरा चाव्या. दिवसकार्य आटोपल्यावर छल्ला रीतीप्रमाणे लेकीकडे, तनयाकडे गेला. तिनं चाव्या काढून परकराच्या नाडीत ओवल्या, नाडीला गाठ मारली आणि पुण्याला निघताना त्या टीव्हीशेजारच्या स्टीलच्या वाटीत ठेवून सांगितलं, "बाबा, एखादं बरंसं किचेन घ्या."

अकरापैकी घरच्या चाव्या दोनच होत्या. एक पंपाच्या खोलीची, एक गच्चीची, एक मीटरच्या खोलीची, आणि उरलेल्या सहा शेजाऱ्यांच्या. सिद्धेश सोसायटीत जादा चावी विद्युल्लताकाकूंकडे टाकून ठेवायची, ही इमारत उभी राहिल्यापासूनची पद्धत होती. पाण्याचा पंपही त्याच चालू करायच्या, पहाटे साडेपाचला आणि मग अकराला. प्रभाकररावांची अठरा वर्षं अशी समजूत होती की नळ सोडला की पाणी येतं.

आता खरी गोष्ट सांगायला हवी. महिनाभरात भेटायला येणारे थांबले. लोकांचा दोष नाही, प्रत्येकाला आपापला व्याप असतो. शिवाय प्रभाकरराव दारातच "बरा आहे" म्हणून असे उभे राहत की आलेल्याला चपला काढायची हिंमत होत नसे. पण चावी मागायला आलेल्याला कोण अडवणार? बेल वाजायची ती चाव्यांसाठी. या घरातली बेल आता फक्त तेवढ्यासाठीच वाजते हे प्रभाकररावांच्या लक्षात आलं होतं, आणि ते तिची वाट बघत बसत. तनया फोनवर म्हणायची की पुण्याला चला, तिथे एकटे काय करता. ते म्हणायचे, "माझ्यावर अकरा चाव्यांची जबाबदारी आहे." चाव्या गेल्या की बेल गेली, हे मात्र त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

तेव्हा किचेन चांगलं हवं होतं. पहिलं घरातच सापडलं, विम्याच्या एजंटनं फुकट दिलेलं. फुकट दिलेल्या वस्तूचा टिकाऊपणा किती, हे विम्याच्या एजंटकडूनच शिकावं. तिसऱ्या दिवशी जिन्यात त्याची कडी उघडली आणि अकरा चाव्या दोन मजले घरंगळत गेल्या. सगळ्या सापडल्या, पण कुठली कोणाची ते कळेना. बाईंना ते हाताच्या स्पर्शानं कळत असे. प्रभाकररावांनी मग दारोदार फिरून प्रत्येक कुलपाला चाव्या लावून बघितल्या. एकट्या मेघालीनं, समोरच्या दारातल्या, आपली चावी न लावताच ओळखली. "ही माजी," म्हणाली आणि लांब दांड्याची एक जाडजूड चावी उचलून त्यांच्या हातात दिली.

या प्रसंगातून प्रभाकररावांनी जो धडा घेतला तो कोणीही घेतला नसता. त्यांनी चाव्यांवर पांढऱ्या रंगानं नंबर टाकले, एक दोनशे पानी वही आणली, पट्टीनं रकाने आखले आणि वर लिहिलं, 'चावी आवक-जावक रजिस्टर'. अनुक्रमांक, दिनांक, चावी क्रमांक, नेण्याचे कारण, नेल्याची वेळ, परतीची वेळ, सही, शेरा. चौतीस वर्षांत शाळेतली एक खडूची पेटी हिशेबाबाहेर गेली नव्हती. लोकांच्या घराच्या चाव्या म्हणजे काय खडू आहेत?

मेघालीचा या रजिस्टरला मोठाच आधार होता. तिचं माहेर अंबाडीच्या पुढे आत एका खेड्यात. मानकोलीच्या गोदामात ती पॅकिंगला जायची, दुपारच्या शिफ्टला. नवरा जीवन टेम्पोवर, मुलगी ईरा दुसरीत. सव्वाबाराला ईराला शाळेत सोडायला निघायची आणि पाऊण वाजता परत आली की प्रभाकररावांची बेल वाजवायची.

"काका, चावी द्या ना. माझी घरातच रायली."

आठवड्यातून सहा दिवस. इतकी विसरभोळी बाई प्रभाकररावांनी पाहिली नव्हती. ते तिला चावी देत, विसरण्यामागे शिस्तीचा अभाव कसा असतो हे समजावून सांगत, आणि दार लावून घेत. दुसऱ्याच्या उघड्या घरात डोकावणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. दहा मिनिटांनी ड्युटीला जाता जाता ती चावी परत करी. सही करताना खाली मान घालून म्हणे, "व्हय काका, उद्यापासून ध्यानात ठेवीन." बाई गरीब होती, ऐकून घ्यायची. प्रभाकरराव साडेबाराच्या आत दाढी करून, लेंगा बदलून तयार असत, कारण कार्यालयीन वेळेत माणूस नीटनेटका हवा.

दुसरं किचेन कुमारच्या सल्ल्यानं आलं. कुमार तिसऱ्या मजल्यावरचा, सुताच्या व्यापाऱ्याकडे ऑफिसात होता, आणि घरबसल्या मागवण्याच्या वस्तूंचा त्याचा अभ्यास दांडगा होता. त्याला काहीही विचारलं की तो डोळे बारीक करून म्हणायचा, "आधी मला सांगा, तुमचा वापर काय?" वापर ऐकून त्यानं गिर्यारोहकांचा हूक सुचवला. प्रभाकररावांनी आयुष्यात सोसायटीच्या गच्चीपेक्षा उंच काही चढलेलं नव्हतं, पण हूक मजबूत होता यात शंका नाही. इतका मजबूत की भाजी मार्केटात गर्दीत कोणाच्या तरी पिशवीत अडकला तेव्हा हूक तसाच राहिला आणि पँटीचा लूप निघून आला. प्रभाकरराव डाव्या हातानं पँट आणि उजव्या हातानं मेथी धरून घरी आले. वाटेत तीन माजी विद्यार्थी भेटले. तिघांनीही वाकून नमस्कार केला, आणि तिघांनाही आशीर्वाद द्यायला हात मोकळा नव्हता.

मग दोरीचं आणलं. चावी ओढली की दोरी लांब होते, सोडली की सरकन परत. पंपाचं कुलूप उघडून त्यांनी चावी सोडली आणि ती थेट चष्म्यावर आली. काच गेली, डोळा वाचला.

चौथ्याचं नाव घेतलं तरी प्रभाकररावांचे कान तापतात. फूटपाथवर एक जण विकत होता. टाळी वाजवली की हे किचेन पीं-पीं करतं, म्हणजे हरवायचा प्रश्नच नाही. प्रभाकररावांनी तीनदा टाळ्या वाजवून खात्री केली, आणि त्याच संध्याकाळी ते खिशात घेऊन सोसायटीच्या नवरात्रातल्या आरतीला गेले. आरती टाळ्यांवाचून होत नाही हे त्यांना ठाऊक होतं. खिशातलं किचेन मात्र त्या क्षणी ध्यानात नव्हतं. पहिल्या कडव्याला लोकांनी इकडेतिकडे पाहिलं. दुसऱ्याला सोसायटीचे सेक्रेटरी चांगदेव ताम्हण खाली ठेवून विजेच्या माळा तपासायला लागले. तिसऱ्याला सगळ्या नजरा प्रभाकररावांच्या सदऱ्याकडे वळल्या. ते जिन्यानं वर पळाले, तर खालच्या टाळ्या वरपर्यंत ऐकू येत होत्या आणि किचेन इमानेइतबारे प्रत्येक टाळीला ओ देत होतं. शेवटी त्यांनी ते बादलीत बुडवलं. त्या संध्याकाळी बादलीशेजारी मोरीत बसून त्यांना हसू आलं, आणि हे आता सांगायचं कोणाला, असं मनात आल्यावर ते हसू तिथेच थांबलं.

पण किचेनांनी केलं नाही तेवढं नुकसान रजिस्टरनं केलं. चांगदेवांच्या पत्नी चंद्राबाई पहिल्या मजल्यावर राहतात. दिवाळीच्या तोंडावर त्या गॅसवर दूध ठेवून कचरा टाकायला बाहेर आल्या आणि वाऱ्यानं दार आपटून लॅच लागलं. त्या धापा टाकत वर आल्या. प्रभाकररावांनी चावी क्रमांक सात काढली, रजिस्टर उघडलं आणि पेन पुढे केलं. चंद्राबाई म्हणाल्या की भाऊसाहेब, दूध. प्रभाकररावांनी 'नेण्याचे कारण' या रकान्यात 'दूध' लिहिलं, मग नोंद अपुरी वाटून 'दूध (उतू जाण्याची शक्यता)' असं केलं. सही होईपर्यंत शक्यता उरली नव्हती. पातेलं जळलं ते जळलंच, वर चंद्राबाईंनी सगळ्या इमारतीत सांगितलं की काकूंनी अठरा वर्षांत कधी नावसुद्धा लिहून घेतलं नाही हो.

त्यानंतर हयातीच्या दाखल्याचं प्रकरण झालं. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावं लागतं. प्रभाकरराव नऊलाच रांगेत होते. मशीन त्यांचा अंगठा घेईना. एकेक करून दहाही बोटं झाली. खिडकीतल्या मुलीनं हात धुऊन यायला सांगितलं, मग खोबरेल लावायला सांगितलं, मग तिचं जेवण झाल्यावर यायला सांगितलं. त्या फॉर्मवर पत्नीच्या नावापुढे 'हयात / मयत' असं छापलं होतं आणि त्यातला एक शब्द खोडायचा होता. प्रभाकररावांनी पेन उघडलं, बंद केलं, परत उघडलं. त्या खोडण्यात किती वेळ गेला ते त्यांनाही सांगता येणार नाही. या सगळ्या वेळात पंपाच्या खोलीची चावी त्यांच्या खिशात होती आणि फोन घरी होता. अकराचा पंप सुटला नाही. दोनला ते परतले तेव्हा चोवीस घरांतली माणसं रिकाम्या बादल्या घेऊन खाली उभी होती.

चार दिवसांनी सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र आलं. 'आपणांस कळविण्यात येते की, आपले वय व सध्याची मानसिक स्थिती विचारात घेता सामाईक चाव्या कार्यालयात जमा कराव्यात.' पत्राला जावक क्रमांक नव्हता. प्रभाकररावांना आधी त्याचाच राग आला. मानसिक स्थितीचं दुःख नंतर, हळूहळू वर आलं. ते चांगदेवांकडे गेले आणि आयुष्यात पहिल्यांदाच विनंती केली की पंप राहू द्या, पहाटेचा एकही दिवस मी चुकवलेला नाही. चांगदेव वाईट माणूस नव्हता. त्यांनी चहा दिला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्ही आता आराम करा." आराम करा म्हटल्यावर पुढे बोलायला काही उरत नाही.

सामाईक तीन चाव्या गेल्या. मग आठवड्याभरात शेजारच्या पाचही गेल्या. कोणी रागानं नाही नेल्या. सगळ्यांनी तेच सांगितलं, तुम्हाला उगाच त्रास. कुमार तर चावी नेताना नवीन किचेनचा फोटो दाखवून गेला. प्रभाकररावांनी प्रत्येक वेळी शेऱ्यात 'कायमची परत' असं लिहिलं आणि दार लावून घेतलं. तनयाचा फोन आला तेव्हा पुण्याचा विषय निघाला, आणि या खेपेला जबाबदारीचं कारण त्यांना पुढे करता येईना. बघू म्हणाले.

राहिल्या तीन चाव्या. घरच्या दोन आणि मेघालीची एक. ती मात्र रोज येत होती. पाऊण वाजता बेल, चावी घरातच राहिली, व्हय काका. आता दिवसाला एकच नोंद होई, पण प्रभाकरराव तिच्यासाठी तारीख आदल्या रात्रीच लिहून ठेवत. ही एक चावी आहे तोवर पुण्याला जायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

एवढ्या मोलाच्या चावीला साजेसं किचेन हवं म्हणून मग ते खरोखरच्या चांगल्या दुकानात गेले आणि चामड्याचं घडीचं किचेन घेतलं. आत हूक, वर बटण, चाव्या पाकिटासारख्या मिटतात, खिसा फाटत नाही, आवाज होत नाही. चार महिन्यांनी अखेर योग्य वस्तू मिळाली. अडचण एकच, मेघालीची चावी लांब दांड्याची. तिच्यामुळे बटण लागेना.

प्रभाकररावांनी एसटी स्टँडजवळच्या चावीवाल्याकडून तशीच, पण आखूड चावी करून घेतली. तपासून बघितल्याशिवाय वस्तू ताब्यात घ्यायची नाही, हा नियम. सव्वाबाराला मेघाली ईराला घेऊन खाली उतरली तसे ते तिच्या दाराशी गेले आणि नवी चावी लावली. ती फिरेना. ते चावीवाल्याकडे जाऊन भांडले. तो म्हणाला की उद्या खुद येऊन बघतो. दुसऱ्या दिवशी तो कानस घेऊन आला, दारापुढे उकिडवा बसला, नवी चावी लावली, काढली, मग जुनी मागून घेतली. तीही फिरेना. त्यानं वर पाहिलं.

"चाचा, ये ताला तो नया है. चार-पाँच महीने का होगा. ये चाबी इसकी है ही नहीं, न नई वाली, न पुरानी वाली. किसने बोला इसकी है?"

रजिस्टरात लिहिलंय, असं प्रभाकररावांच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात चंद्राबाई गच्चीवर जायला वर आल्या आणि त्यांना दिसलं ते असं की भाऊसाहेब चावीवाला आणून दुसऱ्याचं बंद घर उघडताहेत. त्या आल्या पावली खाली गेल्या. पाच मिनिटांत चांगदेव आले आणि हे काय चाललंय म्हणून त्यांनी हलक्या आवाजात विचारलं. चौतीस वर्षांत प्रभाकररावांवर कोणी खडूचासुद्धा संशय घेतला नव्हता. आज उत्तर द्यायलाच हवं होतं. पण ते चांगदेवांकडे न बघता हातातल्या चावीकडे बघत राहिले. चांगदेव दोन मिनिटं थांबले आणि मान हलवत गेले. चावीवाल्यानं पैसे घेतले नाहीत.

प्रभाकरराव घरात येऊन रजिस्टर घेऊन बसले. मेघालीच्या एकूण नोंदी त्रेपन्न. त्रेपन्न वेळा चावी नेली, त्रेपन्न वेळा परत केली, प्रत्येक वेळी सही. आधी त्यांना अपमान वाटला. आपली कीव करतात लोक, आपल्याला खेळवतात, एवढी दशा झाली आपली.

पाऊण वाजता बेल वाजली.

"काका, चावी द्या ना. माझी..."

प्रभाकररावांनी ती लांब चावी तिच्यापुढे धरली आणि विचारलं की कुठल्या कुलपाची आहे. मेघालीनं चावी घेतली नाही. तिच्या पर्सच्या बाजूच्या कप्प्यातून तिची स्वतःची चावी दिसत होती. ती पदराशी चाळा करत उभी राहिली, मग तिनं एकदमच सांगून टाकलं.

"कुलूप आषाढात बदललं, काका. ईरानं चावी आत मोडली. नवी चावी द्याया मी हास्पिटलात गेले, तं काकू बोलली, मला नको देऊस, मी काय आता घरी येत न्हाय. जुनीच राहू दे छल्ल्यात. मी गेले का रोज एकदा यांच्याकडं चावी मागाया जात जा. नुसती बघाया गेलीस तं बरा हाय बोलून दारातनंच परत धाडतील. चावी मागितली का उठावं लागंल, दाढी करावी लागंल, दार उघडावं लागंल. नायतर ते उघडायचेच न्हाय."

जिन्यात कोणीतरी वर गेलं. प्रभाकरराव चौकटीला धरून उभे होते. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते त्यांनी पुसलंही नाही. स्मशानात नाही, दहाव्याला नाही, बँकेच्या फॉर्मवरही नाही, ते आज दारात, शेजारणीसमोर रडले.

"दाढीचं म्हणाली ती?" त्यांनी विचारलं.

"व्हय. बोलली, लय मानी माणूस हाय. दाढी केल्याबिगर न्हाय यायचा दारात."

"आणखी काय म्हणाली?"

"इतकंच. मग नर्स आली, मला भायेर जा बोलली."

प्रभाकररावांनी घड्याळाकडे पाहिलं. मेघालीच्या गोदामाची गाडी दीडला नाक्यावर येते, हे त्यांना रजिस्टरमुळे पाठ होतं. एरवी त्यांनी कोणाला ड्युटीला उशीर होऊ दिला नसता.

"परत सांग," ते म्हणाले. "ती कशी बोलली, तसंच सांग."

तिनं सांगितलं. आषाढापासून नर्सपर्यंत सगळं.

"अजून एकदा सांगशील?"

मेघालीनं पर्स खाली ठेवली, चपला काढल्या, आत येऊन खुर्चीवर बसली आणि पहिल्यापासून सांगायला लागली.